पक्ष्यांच्या गटात संत्र्याचा भाव

नोव्हेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात वऱ्हाडातल्या पक्षिमित्रांचे व्हॉट्सॲप गट वर्षातले सगळ्यात बोलके असतात. ५ नोव्हेंबर हा मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ नोव्हेंबर सलीम अलींचा. या दोन तारखांमधला आठवडा राज्य शासन २०२० पासून पक्षी सप्ताह म्हणून पाळतं. अकोल्याचा कापशी तलाव, अमरावतीचे छत्री आणि वडाळी तलाव, पलीकडे मालखेड, अशा सगळीकडून फोटो आणि आकडे येत राहतात. दिवाळीही बहुधा याच सुमाराला असते. त्यामुळे पट्टकादंबांच्या फोटोखाली पणत्या, पणत्यांखाली कुणाच्या तरी पुतण्याचं दुकानाचं उद्घाटन, त्याखाली संत्र्याचा भाव, आणि शेवटी ॲडमिनचा ठरलेला संदेश: कृपया गटाच्या विषयापुरतंच लिहावं.

हा संदेश मी पक्ष्यांच्या गटात वाचला आहे, सायकलवाल्यांच्या, जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या आणि गच्चीवर बाग करणाऱ्यांच्या गटातही. शब्द जवळपास तेच, त्यानंतरची दोन दिवसांची शांतताही तीच. छंदाच्या गटात अवांतर किती चालवून घ्यावं, हा प्रश्न त्यामुळे किरकोळ वाटतो. पण गट का टिकतात आणि का ओस पडतात, याचं बरंचसं उत्तर त्यातच आहे.

अवांतर म्हणून आपण एका दमात जे मोडीत काढतो ते एका जातीचं नसतं. सगळ्यात बदनाम प्रकार सकाळच्या शुभेच्छांचा. २०१८च्या जानेवारीत ‘वॉल स्ट्रीट जर्नल’ने बातमी दिली होती की भारतातले फोन वारंवार का तुंबतात याचा शोध घेताना गूगलच्या लोकांना फुलं, सूर्योदय आणि सुविचारांचे ढीग सापडले. दुसरा प्रकार श्रद्धांजलीचा. गटातल्या कुणाचे वडील गेले की दोनशे जणांच्या गटात शंभर वेळा तेच दोन शब्द येतात, आणि त्या दिवशी कुणी रानपिंगळ्याचा फोटो टाकला तरी तो वाहून जातो. तिसरा, रक्ताची गरज. याला कुणी अडवत नाही, अडवूही नये. फक्त तो संदेश बहुतेक वेळा कुठल्या तरी भलत्याच गावचा आणि कित्येक महिन्यांपूर्वीचा असतो. चौथा राजकारणाचा, त्याच्याकडे पुढे येतो. आणि पाचवा, ज्याला नाव नाही: कुणी तरी स्वतःच्या दिवसाबद्दल काही तरी सांगतं.

हा पाचवा प्रकार जवळून पाहण्यासारखा आहे. मोर्शीकडचे एक बागायतदार ऑगस्टमधल्या एका रात्री लिहितात, “गळ लय झाली राजेहो, अर्धा बहार मातीत.” आंबिया बहाराची फळगळ हा काही पक्ष्यांचा विषय नव्हे. दोघं-तिघं हळहळतात, एक जण कुठला फवारा मारला ते विचारतो. ते औषधाचं नाव सांगतात आणि जाता जाता लिहितात, “दोन सालांपासून बगीच्यात दयाळ बोलत नाही पहाटे, हे ध्यानात आलं का कोणाले?” मग वरूडचा एक जण म्हणतो, आमच्याकडेही नाही. शेंदुरजना घाटचा म्हणतो, आमच्याकडे आहे, पण विहिरीजवळच्या कडुनिंबावर, बगीच्यात नाही. फवाऱ्याचा आणि दयाळाचा संबंध आहे की नाही हे एवढ्यावरून ठरत नाही. पण पक्षिनिरीक्षकांच्या गटाला विचारावासा वाटेल असा प्रश्न त्या रात्री जन्माला आला, आणि तो संत्र्याच्या गळीतून आला. विषयाला धरून लिहा असं पहिल्याच ओळीनंतर कुणी सुनावलं असतं तर ते बागायतदार “बरं भाऊ” म्हणून झोपी गेले असते.

शेतकऱ्यांचं अवांतर बहुधा असंच असतं. रोह्यांनी हरभरा खाल्ला, रानडुकरांनी तूर लोळवली, धरणाचं पाणी सोडलं, गावतलावात गाळ काढायला मशीन आलं. शहरी पक्षिमित्राला यातलं काहीच पक्ष्याचं वाटत नाही. मात्र हिवाळ्यात त्या तलावावर चक्रवाक उतरणार की नाही, हे त्या मशीनवरच अवलंबून असतं.

नियम करणाऱ्यांची बाजूही पोकळ नाही, आणि ती आजचीही नाही. इंग्लंडातल्या फ्रीमेसन मंडळींच्या १७२३च्या घटनेत जेम्स अँडरसनने लिहून ठेवलं होतं की लॉजच्या दाराच्या आत धर्माची आणि राजकारणाची भांडणं आणायची नाहीत. नाना धर्मांची, नाना मतांची माणसं एका कामासाठी एकत्र बसवायची तर ज्यावरून ती उठून जातील ते बाहेर ठेवा, हा सरळ व्यवहार.

हाच व्यवहार आपल्याकडे राष्ट्रीय सभेने, म्हणजे काँग्रेसने केला. १८८६च्या कलकत्त्याच्या अधिवेशनात अध्यक्ष दादाभाई नौरोजींनी स्पष्ट सांगितलं की ज्यात साऱ्या राष्ट्राचा थेट सहभाग आहे तेवढेच प्रश्न इथे. समाजसुधारणेचं काम ज्या त्या समाजाने आपापल्या जागी करावं. मग १८८७ पासून न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने सामाजिक परिषद वेगळी, पण काँग्रेसच्याच गावी, त्याच दिवसांत भरू लागली. आजच्या भाषेत, अवांतरासाठी वेगळा गट. १८९५ साली पुण्यात ही परिषद काँग्रेसच्याच मांडवात भरू द्यायची की नाही यावरून टिळकपक्षाने असं रान उठवलं की रानड्यांनी माघार घेऊन परिषद दुसरीकडे नेली. आणि दोन वर्षांनी, १८९७ च्या डिसेंबरात, काँग्रेस अमरावतीला आली. अध्यक्ष शंकरन नायर, स्वागताध्यक्ष दादासाहेब खापर्डे. तेव्हा मुख्य मांडवात कुठले ठराव झाले हे आज अमरावतीतही कुणी सांगणार नाही. त्याच दिवसांत इथल्या सामाजिक परिषदेत रानड्यांनी पुनरुज्जीवन आणि सुधारणा यांवर केलेलं भाषण मात्र अजून अभ्यासलं जातं. वेगळ्या गटात पाठवलेलं अवांतर मुख्य गटापेक्षा जास्त जगलं, याचं अमरावतीइतकं जवळचं उदाहरण मला दुसरं माहीत नाही.

त्याच गावात १९१४ साली वैद्य बंधूंनी हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ काढलं. विषय व्यायाम. दंड, बैठका, मल्लखांब, लाठी. १९३६ साली बर्लिनच्या ऑलिंपिकच्या वेळी या मंडळाचा चमू देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवून आला. पण पारतंत्र्यातल्या आखाड्यात घाम पुसताना पोरं फक्त दंडाच्या मापाबद्दल बोलत असतील असं कुणी समजू नये. हुतात्मा राजगुरूंचं नाव या मंडळाशी जोडलेलं आहे ते काही नुसत्या बैठकांमुळे नव्हे. ‘कृपया व्यायामापुरतंच बोलावं’ अशी पाटी तिथे असती तर इंग्रज सरकार सगळ्यात जास्त खूश झालं असतं.

आता आजच्या गटांकडे. अवांतराच्या बाजूने मला सगळ्यात वजनदार वाटणारा मुद्दा भावनेचा नाहीच, सोयीचा आहे. पक्ष्याची नोंद ठेवायला आता ई-बर्ड आहे. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठाच्या पक्षिप्रयोगशाळेने आणि ऑडुबॉन सोसायटीने २००२ साली ते सुरू केलं आणि आज आपल्याकडचे हौशी निरीक्षकही त्यात याद्या भरतात. पक्षी ओळखायला मर्लिन हे ॲप आहे, फोटो दाखवला की नाव सांगतं, आवाज ऐकवला तरी प्रयत्न करतं. नोंद तिकडे गेली, ओळख तिकडे गेली. शुद्ध विषय तेवढाच ठेवायचा असेल तर ही दोन्ही साधनं ॲडमिनपेक्षा कडक आहेत. तिथे संत्र्याचा भाव लिहायला जागाच नाही. मग गट कशाला हवा? अवांतर काढून टाकल्यावर गटात जे उरतं, त्यासाठी गटाची गरज उरलेली नाही. हे बहुतेक ॲडमिनांच्या अजून लक्षात आलेलं नाही.

रॉबिन डनबार या ब्रिटिश मानववंशशास्त्रज्ञाने माणसांची मोकळी बोलणी तपासली तेव्हा त्यांतला साधारण दोन तृतीयांश भाग माणसांबद्दलचाच निघाला: कोण कुणाशी कसं वागलं, कुणाचं काय चाललंय. माकडं एकमेकांच्या अंगावरच्या उवा वेचतात त्या जागी माणसाने गप्पा आणल्या, असं त्याने १९९६च्या पुस्तकात मांडलं. सिद्धांत सगळ्यांना पटलेला नाही. पण पहाटे साडेपाचला आपल्या गाडीवर मागे बसवून अनोळखी माणसाला काटेपूर्णाला कोण नेईल, हे त्याच्या पक्ष्यांच्या यादीवरून ठरत नाही. त्याच्या बोलण्यावरून ठरतं.

नवख्या माणसाचाही विचार करायला हवा. पक्ष्यांच्या गटात विषयाची भाषा इंग्रजी किंवा शास्त्रीय नावांची असते. “सॅंडपायपर आहे, पण कॉमन की ग्रीन?” या वाक्यापुढे कॉलेजात नुकतं पाऊल टाकलेली मुलगी गप्प बसते. तिचा पहिला शब्द येतो तो कुणाच्या तरी वाढदिवसाला, किंवा पोळ्याच्या दिवशी. वऱ्हाडी बोलीही गटात येते ती अवांतरातूनच. तुतवार, शेकाट्या, थापट्या ही नावं म्हातारी माणसं बोलता बोलता सांगून जातात, “मराठी नाव काय?” असं औपचारिक विचारलं की तीच माणसं पुस्तकातलं नाव सांगतात. चितमपल्लींचा ‘पक्षिकोश’ २००२ साली आला. त्यातली लोकभाषांमधली, आदिवासींची नावं अशी शेकोटीजवळ बसून, भलत्याच गोष्टी ऐकता ऐकता गोळा झालेली आहेत. वनखात्यातला तो माणूस मेळघाटात ठरलेल्या विषयापुरतंच बोलला असता तर मराठीचं मोठं नुकसान झालं असतं.

आता दुसरं पारडं. अवांतर वाढलं की गटातले जाणते पहिल्यांदा जातात, आणि ते भांडून जात नाहीत. म्यूट करतात. सदस्यांच्या यादीत नाव राहतं, माणूस निघून गेलेला असतो. मग एका संध्याकाळी कुणी तरी गरुडाचा अवघड फोटो टाकून विचारतं, उत्तर येत नाही, आणि दुसऱ्या दिवशी कुणी तरी ठामपणे चुकीचं नाव सांगतं. मोकळिकीची ही किंमत ॲडमिनला दिसत नाही, कारण संदेशांची संख्या वाढलेलीच असते.

स्त्रियांचं जाणं तर आणखी शांत असतं. पुरुषांच्या गटात ‘गंमत’ म्हणून जे अवांतर चालतं, बायकोवरचे विनोद, त्या पलीकडचे काही फोटो, त्याला ‘एवढं काय, मित्रच तर आहोत’ असं म्हणून पोटात घेतलं जातं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आलेलं एक प्रकरण इथे आठवतं. गोंदिया जिल्ह्यातल्या एका गटात २०१६ साली एका सदस्याने एका स्त्री सदस्याबद्दल अश्लील मजकूर लिहिला. ॲडमिनने त्याला काढलं नाही, माफी मागायलाही लावलं नाही, म्हणून ॲडमिनवरही गुन्हा दाखल झाला. १ मार्च २०२१ च्या निकालात खंडपीठाने तो रद्द केला. माणसाला आत घेणं आणि बाहेर काढणं यापलीकडे ॲडमिनच्या हातात फारसं काही नाही, आधीपासून संगनमत असल्याचं दिसल्याशिवाय दुसऱ्याच्या मजकुरासाठी त्याला जबाबदार धरता येणार नाही, असं न्यायालय म्हणालं. कायदा म्हणून ते बरोबरच वाटतं. पण गटातल्या त्या बाईच्या बाजूने पाहिलं तर ‘काढता येतं’ एवढा अधिकार ॲडमिनकडे होता, आणि तो वापरला गेला नाही, एवढंच उरतं. शिवाय २०२२ पासून कुणाचाही संदेश सगळ्यांसाठी पुसण्याची सोय ॲडमिनला मिळाली आहे. म्हणजे हात आता तितकेसे बांधलेले नाहीत.

राजकारण आणि धर्म यांच्याबद्दल अमरावती-अकोल्यात कुणी सैद्धांतिक चर्चा करत नाही, कारण तेवढी चैन परवडत नाही. २०२१चा पक्षी सप्ताह १२ नोव्हेंबरला संपला, त्याच दिवशी अमरावतीत मोर्चा निघाला, दगडफेक झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदमध्ये जाळपोळ, मग संचारबंदी आणि इंटरनेट बंद. पक्ष्यांचे गटही त्यामुळे गप्पच होते. २१ जून २०२२च्या रात्री याच शहरात एका औषध व्यावसायिकाचा खून झाला. राष्ट्रीय तपास यंत्रणेच्या म्हणण्यानुसार त्यामागे त्यांनी व्हॉट्सॲपवर पुढे पाठवलेला एक मजकूर होता. २०२३च्या मे महिन्यात अकोल्यात समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून दंगल उसळली, एकाचा जीव गेला. गुन्हा नेहमी हात उगारणाऱ्याचाच असतो, मजकूर पुढे पाठवणाऱ्याला कुणी मारावं असा कुठलाही न्याय नाही. तरीही या दोन शहरांतला ॲडमिन रात्री अकराला उठून एखादा संदेश पुसतो तेव्हा त्याला कोत्या मनाचा म्हणणं पुण्या-मुंबईतून सोपं आहे.

तोडगे निरनिराळे पाहायला मिळतात. सगळ्यात टोकाचा म्हणजे फक्त ॲडमिनने लिहायचं. २०१८ पासून ही सोय आहे. तो गट मग सूचनाफलक होतो, गटाचं नाव तेवढं उरतं. दुसरा, रविवारी अवांतराला मुभा. ऐकायला गोड, पण रविवारीच लोक तलावावर असतात, आणि वडील काही रविवार बघून जात नाहीत. तिसरा, गप्पांचा वेगळा गट. २०२२ च्या शेवटी आलेल्या ‘कम्युनिटी’ या सोयीत एकाच छताखाली असे अनेक गट बांधता येतात. यात अमरावतीच्या १८९७ सारखंच होतं: गप्पांचा गट फुलतो, मूळ गट सुकतो. मोर्शीच्या बागायतदारांना दयाळ गप्पांच्या गटातच आठवला असता, आणि जाणते तिथे नसतेच. चौथा, दंड. एका गटात शुभप्रभात टाकणाऱ्याने पुढच्या फेरीत सगळ्यांना आलुबोंडा द्यायचा असा नियम होता. आलुबोंडे खाण्यासाठी लोकांनी एकाला मुद्दाम चिथावलं, आणि नियम बुडाला. हा गट मात्र अजून जोरात आहे.

एक गोष्ट या सगळ्या चर्चेत निसटते. सगळ्यात घातक संदेश पुष्कळदा विषयाला अगदी धरून असतो. घुबडाच्या ढोलीचा नेमका पत्ता, घरट्यातल्या पिल्लांचा जवळून काढलेला फोटो. दोन दिवसांत तिथे दहा कॅमेरे पोचतात आणि पक्षी घरटं सोडतो. रानपिंगळ्याला ११३ वर्षं कुणी पाहिलं नव्हतं. १९९७च्या नोव्हेंबरात शहाद्याजवळ तो पुन्हा सापडला आणि नंतर मेळघाटातही दिसला. आज त्याच्या झाडाचा पत्ता टाकणारा सदस्य कुठलाही नियम मोडत नाही, नियम मोडतो तो सणाच्या शुभेच्छा देणारा. बऱ्याच गटांनी घरट्यांच्या फोटोंना आता बंदी केली आहे, पण ती अवांतराच्या बंदीनंतर खूप उशिरा आली.

तेव्हा विषयाला धरून की सोडून, ही मोजपट्टीच मला चुकीची वाटते. मी दुसरी लावून पाहतो: बोलणारा स्वतःच्या तोंडचं बोलतो आहे का. बगीच्यातली गळ, मुलीचं लग्न, दवाखान्यात रात्र काढली तेव्हा खिडकीतून ऐकलेला पिंगळा, हे सगळं विषयाबाहेरचं असलं तरी त्या माणसाचं आहे. त्याला उत्तर देता येतं, त्याची चौकशी करता येते, आणि खोटं असेल तर तलावावर भेटल्यावर विचारता येतं. उसन्या मजकुराचं तसं नसतं. तो शुभप्रभात असो, औषधी वनस्पतीचा गुण असो, पोरं पळवणाऱ्या टोळीची अफवा असो; १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात अशाच अफवेवरून भटक्या समाजातल्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. तो मजकूर कुणाचाच नसतो, म्हणून त्याला कुणी उत्तरदायीही नसतं. पक्ष्याचा फोटो जरी उसना असला, कुठल्या तरी दूरच्या देशातला रंगीबेरंगी पोपट ‘आपल्या मेळघाटात दिसला’ म्हणून आलेला, तरी तो विषयात बसतो आणि गट बिघडवतो.

ही मोजपट्टी लावायला ॲडमिनला फार हुशारी लागत नाही. राईनपाड्यानंतरच्या महिन्याभरात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली, आणि पुढे ढकललेल्या मजकुरावर बारीकसा बाण दिसू लागला. बाण असेल ते पुसायचं, नसेल ते राहू द्यायचं, एवढा एक नियम गटाच्या वर्णनात लिहिला तर बाकीचे दहा काढून टाकता येतील. दोन-तीन गटांनी तो करून पाहिला आहे आणि महिनाभर बरं चाललं. अडचण एवढीच की कॉपी करून चिकटवलेल्या मजकुरावर बाण येत नाही, आणि ही युक्ती आता गटातल्या सगळ्यात ज्येष्ठ काकांनाही कुणी तरी शिकवून ठेवली आहे.